बेलर उलाळ होऊ न देता: पेंढ्याच्या बेलरमागे ट्रॉली ओढायचं घरगुती हिच

माझं पहिलं हिच, म्हणजे बेलरमागे (पेंढा दाबून त्याच्या गाठी बांधणाऱ्या यंत्रामागे) ट्रॉली अडकवायची जोडणी, दीड दिवस टिकलं. गावातल्या एका वेल्डिंगवाल्याकडून ५० मिलिमीटरचा अँगल (काटकोनी लोखंडी पट्टी) आडवा कापून घेतला, बेलरच्या शेपटाला, म्हणजे गाठ बाहेर पडते त्या तोंडाच्या खाली, दोन्ही बाजूंनी वेल्ड मारला, मध्ये भोक पाडून ट्रॉलीची रिंग अडकवली. दिसायला एकदम झकास. दुसऱ्या दिवशी दुपारी बांधावरून उतरताना बेलरची पुढची दांडी ट्रॅक्टरच्या ड्रॉबारवर, म्हणजे मागच्या ओढायच्या पट्टीवर, उडी मारल्यासारखी वर उचलली गेली, पिन निसटू न देणारी खालची लिंच पिन तुटली आणि पीटीओचा, म्हणजे ट्रॅक्टरच्या ताकदीने बेलर फिरवणारा, शाफ्ट असा काही वाकड्या कोनात करकरला की ट्रॅक्टरवर बसलेल्या भाच्याचा चेहराच पांढरा पडला. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब.

आबा बांधावर उभे होते. त्यांनी आयुष्यभर बैलगाडी हाकली. ते एवढंच म्हणाले, "अरे, गाडी उलाळ झाली तुझी."

बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की जू बैलांच्या मानेवरून वर उठतं. त्याला उलाळ म्हणतात. बेलरमागे ट्रॉली लावायची तर हा एक शब्द डोक्यात ठेवूनच कामाला लागा. हूक मजबूत करणं सोपं आहे, जाड लोखंड घातलं की झालं. वजन कुठे पडतंय ते बघणं हे खरं काम, आणि तेच सगळे सोडून देतात. मीही दिलं होतं.

हे करायचं कशासाठी, आणि कुणी करू नये

आमची जमीन पेण आणि अलिबागच्या मधल्या खारपट्टीत, म्हणजे खाडीकाठच्या सखल, खाऱ्या जमिनीत. भात कापणीला ऑक्टोबरच्या अखेरीस सुरुवात होते. पट्ट्यावरचा हार्वेस्टर येऊन जातो आणि मागे पेंढ्याच्या ओळी टाकून जातो. बेलर त्या ओळी उचलून गाठी करतो, आणि गाठी शेतातच पडत जातात. इथे घोळ सुरू होतो. खारातली जमीन वरून कडक दिसते, पण आत ओल असते. गाठ रात्रभर पडून राहिली की खालून ओल आणि वरून दव, सकाळी तिची एक बाजू काळपट. गुरं ती बाजू हुंगून सोडतात. आंब्याच्या पेटीत आणि आढीत घालायला पेंढा नेणारे बागायतदार तर असली गाठ हातातही घेत नाहीत. खंडाळे, नेहुली, कार्ले भागात तर घाई वेगळीच. भातानंतर त्याच रानात पांढरा कांदा घ्यायचा असतो, शेत लवकर मोकळं हवं.

म्हणून गाठ जमिनीवर पडूच द्यायची नाही, बेलरमधून थेट ट्रॉलीवर घ्यायची.

पण आधी आपला बेलर कुठला ते बघा. गोल गाठी करणारा, म्हणजे राउंड बेलर असेल तर हा लेख इथेच मिटा. त्याचं मागचं दार वर उघडतं आणि गाठ खाली लोळते, तिथे ट्रॉलीला जागाच नाही. आपल्याकडे भाताच्या पेंढ्याला छोटे राउंड बेलर बरेच फिरतात, त्यांच्या मालकांचे दोन-तीन फोन मला येऊन गेलेत, म्हणून स्पष्ट लिहिलं. हे हिच चौकोनी गाठीच्या छोट्या बेलरसाठी आहे, ज्यात गाठ एका लांब पेटीतून सरकत सरळ मागे बाहेर येते.

दुसरं, शेत. ट्रॅक्टर, बेलर आणि ट्रॉली एका रांगेत लावले की १२-१३ मीटरची आगगाडी होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या उतारावरच्या कुणग्यांमध्ये, म्हणजे भाताच्या छोट्या तुकड्यांमध्ये, ही वळणारच नाही. तिथे गाठी डोक्यावरून बांधावर आणणंच परवडतं. खारपट्टीसारखं सलग, सपाट रान असेल तरच पुढे वाचा.

आधी काटा, मग ग्राइंडर

भाताची पोती मोजायचा ३०० किलोचा प्लॅटफॉर्म काटा घरात असेल, नाहीतर शेजाऱ्याकडून आणा. बेलर सपाट जागी उभा करा, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, टायरात हवा नेहमीइतकी भरा. पेटी पेंढ्याने भरलेली हवी. रिकाम्या बेलरचं वजन वेगळं पडतं, आणि तुम्ही रिकामा बेलर काही ओढणार नाही. आता पुढची दांडी ट्रॅक्टरपासून सोडवून, ड्रॉबारच्याच उंचीला, काट्यावर ठेवलेल्या लाकडी ठोकळ्यावर टेकवा. जो आकडा येईल तो दांडीवरचा भार. माझा १८० किलो आला.

मग टेप घ्या. पुढच्या पिनेपासून बेलरच्या अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर: माझं २९० सेंटीमीटर. अ‍ॅक्सलपासून मागे जिथे हिचची पिन येणार तिथपर्यंत: १९० सेंटीमीटर.

आता ट्रॉली. माझ्याकडे नेहमीची दोनचाकी ट्रॉली होती. तिची रिंग काट्यावर टेकवली तर भरलेल्या ट्रॉलीचा भार २४० किलो. तराजूचा हिशेब लावा. मागे पडलेले २४० किलो पुढच्या दांडीवरून किती वजन उचलतात? २४० गुणिले १९०, भागिले २९०, म्हणजे साधारण १५७ किलो. १८० मधून १५७ गेले, उरले २३. अख्खा बेलर ट्रॅक्टरला २३ किलोच्या भाराने चिकटलाय, म्हणजे भाताच्या अर्ध्या पोत्याएवढ्या वजनाने. त्यात ट्रॉलीवर उभा असलेला गडी गाठी आधी कुठे रचतो? हाताशी, पुढे. पुढच्या भागात वीसेक गाठी रचल्या की रिंगेवरचा भार ३५० वर जातो. हिशेब पुन्हा करा, २२९ येतात. दांडीवर होते १८०. म्हणजे दांडी ४९ किलोच्या जोराने वर उठायला बघतेय. माझ्या बांधावर नेमकं हेच झालं, आणि मी मात्र वेल्डिंगवाल्याला दोष देत बसलो होतो.

माझा नियम असा: मागचा भार धरूनही पुढच्या दांडीवर किमान १०० किलो उरले पाहिजेत. उलटा हिशेब केला तर माझ्या बेलरला मागे जास्तीत जास्त १२० किलो चालतात. दोनचाकी ट्रॉलीला १२० मध्ये ठेवायचं तर तिच्यात जेमतेम निम्मा माल घालावा लागेल. काहीजण पुढच्या दांडीवर वाळूच्या गोणी बांधतात. ते करू नका. वळताना गोणी पीटीओच्या शाफ्टवर घसरली की जे होईल ते बघवणार नाही.

यावरचा सरळ उपाय चारचाकी ट्रॉली, जिचा पुढचा अ‍ॅक्सल दांडीबरोबर वळतो. तिचं सगळं ओझं तिच्याच चार चाकांवर असतं, आणि दांडी बिजागरीवर असल्यामुळे रिंगेवर फक्त दांडीचं स्वतःचं वजन येतं, माझ्याकडे २५ किलो. मी जुन्या दोन अ‍ॅक्सलवर एक सपाट प्लॅटफॉर्म बनवून घेतला. रिकामा ७०० किलो. गाठ साधारण १५ किलोची, ७० गाठी म्हणजे १०५०. एकूण पावणेदोन टन.

किती ओढ येणार

सपाट, थोड्या मऊ रानात चाकांची ओढ एकूण वजनाच्या दहाव्या ते सहाव्या हिश्शाइतकी असते. म्हणजे १७५ ते २९० किलो. पण बांध, खड्डा, अचानक क्लच सोडणं, यात झटका बसतो तो चौपट धरा, बाराशे किलो. मी २ टन धरून काम केलं. शिवाय बेलरची स्वतःची सवय वाईट. पेंढा दाबणारा आतला प्लंजर मिनिटाला ऐंशी-नव्वद ठोके मारतो आणि सगळं यंत्र पुढे-मागे हिंदकळतं. हिचला खरा त्रास त्या हिंदकळण्याचा, कारण त्याने नट ढिले होतात.

कुठे जोडायचं

पेटीच्या मागच्या तोंडाला काहीही जोडायचं नाही. तिथे वर-खाली ज्या पट्ट्या असतात, त्या गाठ किती घट्ट हवी त्याप्रमाणे स्प्रिंगने दाबल्या जातात. त्या हलत्या आहेत. माझा अँगल वाकला तो खालच्या पट्टीवर टेकला, पट्टी जाम झाली, आणि गाठी एका बाजूने घट्ट, दुसऱ्या बाजूने भुसभुशीत अशा वाकड्या, केळीसारख्या यायला लागल्या. शिवाय पेटीच्या पत्र्याला वेल्ड मारला की तो तापून वाकतो, आणि आत प्लंजरची सुरी आणि पेटीची स्थिर सुरी यांच्यात ठेवलेली बारीक फट बिघडते. मग पेंढा कापला न जाता ओढला जातो.

ओढ न्यायची ती थेट अ‍ॅक्सलला. अ‍ॅक्सलपासून पेटीच्या खालून दोन चॅनेल (C आकाराचे लोखंडी बार) मागे न्यायचे, शेवटी आडव्या तुकड्याने जोडायचे, आणि त्याच्या मधोमध हिचचं तोंड.

मी १०० चे, म्हणजे १०० बाय ५० मिलिमीटरचे चॅनेल घेतले. ७५ चे घेतले असते तरी चाललं असतं, पण उद्या कुणी नकळत दोनचाकी ट्रॉली अडकवली तर ७५ च्या चॅनेलचा भरवसा मला वाटेना. १०० चा चॅनेल मीटरला साधारण साडेनऊ किलो. दोन तुकडे, प्रत्येकी २ मीटर ४० सेंटीमीटर. त्यातले १९० सेंटीमीटर मागे, ४० पुढे, बाकी कापाकापीला. त्याशिवाय १२ मिलिमीटरची प्लेट, ५० बाय ६ चा अँगल तिरक्या आधारासाठी, १० मिलिमीटरची पट्टी, १६ चे यू-बोल्ट चार आणि ८.८ ग्रेडचे १६ चे नटबोल्ट. बोल्टच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं, ते बघूनच घ्या. दुकानदार "तोच आहे हो" म्हणाला तरी.

मापं आणि पहिली जुळणी

बेलर कामाच्या स्थितीत, म्हणजे पिकअप (पेंढा उचलणारा भाग) खाली, दांडी ट्रॅक्टरला लावलेली, अशा अवस्थेत उभा करा. पेटीच्या मधोमध वरून ओळंबा सोडा आणि जमिनीवर खडूने रेघ मारा. हिचची पिन या रेघेवरच यायला हवी. बाजूला गेली तर ट्रॉली तिरकी ओढली जाईल आणि बेलर ओळ सोडून एका अंगाला जाईल.

उंची ट्रॉलीच्या रिंगेप्रमाणे ठेवा. भरलेल्या ट्रॉलीची दांडी जमिनीला समांतर राहील अशी. माझी ४२ सेंटीमीटर आली. यापेक्षा खाली नेलं तर बांध ओलांडताना आडवा तुकडा नांगरासारखा मातीत घुसतो.

मग पेटीवरची घट्टपणाची फिरकी पूर्ण सैल करा, पट्ट्या कुठपर्यंत येतात ते बघा, मग पूर्ण आवळा, पुन्हा बघा. दोन्ही टोकांना चॅनेल आणि पट्टीत किमान दोन बोटं जागा राहिली पाहिजे.

चॅनेल अ‍ॅक्सलच्या खालून जातील. अ‍ॅक्सलला भोक पाडू नका आणि वेल्डही मारू नका. अ‍ॅक्सल यू-बोल्टच्या कवेत घ्या आणि खाली १० मिलिमीटरची बैठक प्लेट द्या. पण ओढ यू-बोल्टच्या जोरावर सोडायची नाही. इथे एक छोटी गोष्ट आहे आणि माझ्या मते सगळ्या हिचमधली सगळ्यात कामाची. प्रत्येक चॅनेलवर एक लोखंडी ठोकळा वेल्ड करायचा, असा की तो अ‍ॅक्सलच्या पुढच्या अंगाला घट्ट टेकेल. ट्रॉली चॅनेलला मागे ओढते, ठोकळा अ‍ॅक्सलवर दाबला जातो, आणि ओढ थेट लोखंडातून लोखंडात जाते. यू-बोल्टचं काम फक्त चॅनेल खाली पडू न देणं. ठोकळा नसता तर यू-बोल्ट अ‍ॅक्सलवर रोज थोडा थोडा सरकत राहिला असता.

चॅनेलचं पुढचं ४० सेंटीमीटरचं टोक बेलरच्या मुख्य चौकटीच्या आडव्या पट्टीखाली टेकवून बोल्टने धरा. हे नसेल तर चॅनेल अ‍ॅक्सलभोवती सीसॉसारखा वर-खाली डुलतो. मागे, हलत्या पट्ट्या सुरू होण्याच्या आधी, पेटीच्या कडेला कारखान्याची भोकं असतात (माझ्यात गाठीच्या घसरगुंडीचा ब्रॅकेट बसायचा त्या जागी), तिथून १० मिलिमीटरच्या पट्टीचा एक झुला दोन्ही चॅनेलना द्या. तो ओढ घेत नाही, फक्त लोंबकळू देत नाही. आडवा तुकडा आणि चॅनेल यांच्या कोनात अँगलचे तिरके आधार, म्हणजे वळताना बाजूला पडणारा जोर चॅनेल एकटा घेणार नाही. चॅनेल उभ्या भाराला दांडगा आणि आडव्या जोराला नाजूक असतो, हे विसरून चालत नाही.

सगळं आधी फक्त टॅक, म्हणजे वेल्डचे तात्पुरते ठिपके, मारून, जागेवर धरून बघा. गुण्या लावा, दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात. ५ मिलिमीटरचा फरक मी सोडून दिला, १० चा सोडला नसता.

हिचचं तोंड

दोन १२ मिलिमीटरच्या प्लेटा, वर एक आणि खाली एक, मध्ये ट्रॉलीची रिंग. बहुतेकजण रिंगेच्या जाडीएवढीच फट ठेवतात, कारण ते नीटनेटकं दिसतं. चूक. बांधावर बेलर वर चढलेला असतो तेव्हा ट्रॉली अजून खाली असते, रिंगेला वर-खाली झुकायला जागा हवी. रिंग २५ मिलिमीटर जाड असेल तर फट ४५ ठेवा. प्लेटांच्या बाहेरच्या कडा ग्राइंडरने थोड्या गोल करा.

पिन २५ मिलिमीटरची. तिची ताकद किती? पिनेचा छेद ४९० चौरस मिलिमीटर, आणि दोन प्लेटांमध्ये ती दोन ठिकाणी कापली जाऊ शकते, म्हणून ९८०. साध्या लोखंडाला दर चौरस मिलिमीटरला १० किलो निर्धास्त धरा, तर ९८०० किलो. आपली गरज २ टनांची. मग इतकी जाड कशाला? कारण पिन कापून क्वचितच तुटते. फटीत ती वाकते आणि वर्षभर घासून बारीक होते. मी ईएन-८ जातीच्या पोलादी सळीची पिन लेथवर करून घेतली, वर मूठ, खाली लिंच पिनेचं भोक. जुन्या पहारेचं टोक कापून पिन करणारे लोक मी पाहिलेत. पहार कडक असते, पण झटक्याने तडकू शकते. नकोच.

प्लेटला भोक २७ चं. गॅसकटरने पाडू नका, ड्रिलने पाडा. गॅसच्या भोकाची कड खरबरीत राहते आणि तिथूनच चीर सुरू होते.

वेल्डिंग, आणि कोकणातली हवा

वेल्ड फार मोठा लागत नाही. ६ मिलिमीटरच्या वेल्डची खरी जाडी, म्हणजे त्याचा गळा, ४.२ मिलिमीटर. एका मिलिमीटर लांबीला साधारण ४० किलो धरा. २०० मिलिमीटर नीट वेल्ड ८ टन धरतो. 'नीट' हा शब्द महत्त्वाचा. पहिल्या हिचचा तुटलेला वेल्ड मी उचलून पाहिला, तर आत मधाच्या पोळ्यासारखी भोकं.

कारण रॉड. नेहमीचे ६०१३ चे रॉड खिडकी-गेटला ठीक, पण अशा झटक्याच्या कामाला ७०१८ घ्या. आणि ७०१८ ला दमट हवा सोसत नाही. समुद्रापासून दोन मैलांवर उघडा पडलेला पुडा चार दिवसांत ओल पितो, त्या ओलीतला हायड्रोजन वेल्डमध्ये जातो आणि नंतर चीर पडते. हे रॉड ३०० ते ३५० अंशांवर तासभर भाजून वापरायचे असतात. माझ्या नव्या वेल्डरदादाकडे रॉड भाजायची छोटी भट्टी आहे, म्हणून तर मी त्याच्याकडे गेलो. तुमच्याकडे नसेल तर सीलबंद पुडा त्याच दिवशी फोडा आणि लागतील तेवढेच रॉड वापरा. उरलेले गेटसाठी.

जिथे वेल्ड मारायचा तिथला रंग, गंज, पेंढ्याचा चिकटा सगळा ग्राइंडरने चकचकीत काढा. शक्यतो सगळी चौकट टॅकवर जुळवून मग बेलरवरून उतरवा आणि वेल्ड जमिनीवर मारा. दोन फायदे: वाकडेतिकडे न होता खालच्या हाताने सरळ वेल्ड बसतो, आणि बेलरला आग लागत नाही. बेलरच्या सांदीकोपऱ्यात पेंढ्याचा भुगा आणि ग्रीस मिळून जे काही साठलेलं असतं ते काडेपेटीपेक्षा कमी नाही. जागेवर टॅक मारताना आधी हवेने भुगा उडवून घ्या, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या ठेवा, आणि काम संपल्यावर तासभर तिथेच थांबा. ठिणगी आत दबून राहते आणि सगळे जेवायला गेल्यावर धूर काढते. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा. लांब लावलात तर करंट बेअरिंगमधून जाऊन त्याच्या गोळ्यांवर डाग पाडतो. ट्रॅक्टर जोडलेला असेल तर बॅटरीची वायर काढा.

चौकट परत बसवताना १६ चा ८.८ बोल्ट दोन फुटी पान्याच्या टोकाला ३५ किलोच्या जोराने आवळला की पुरतो. यू-बोल्ट एवढे आवळू नका, आणि चारही थोडे थोडे करत आळीपाळीने आवळा. सगळीकडे नायलॉकचा (आत नायलॉनची रिंग असलेला, ढिला न होणारा) नट किंवा डबल नट. मग पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ नटावरून प्लेटवर ओढा. नट फिरला की रेघ तुटते, लांबूनही कळतं.

साखळी विसरू नका. पिन निसटली तर ट्रॉली बेलरला साखळीवर धरलेली राहावी. दोन साखळ्या, दांडीच्या खालून एकमेकींना ओलांडून, वळायला पुरेल एवढ्याच ढिल्या.

पहिला दिवस

रिकामी ट्रॉली लावून, पीटीओ बंद ठेवून, शेताच्या मोकळ्या कोपऱ्यात ट्रॅक्टर सावकाश पूर्ण वळवा, आधी डावीकडे, मग उजवीकडे. एक माणूस लांब उभा राहून बघेल: ट्रॉलीची कड गाठीच्या घसरगुंडीला लागते का, दांडी चॅनेलला घासते का. मला इथे दांडी २० सेंटीमीटरने लांब करावी लागली. मग बांधावरून सरळ, कधीही तिरकं नाही. मग निम्मा माल, मग ७० गाठी. दर वेळी रेघा तपासा. पहिल्या दिवशी संध्याकाळी माझ्या दोन नटांच्या रेघा सरकल्या होत्या, दोन्ही झुल्याच्या.

घसरगुंडी ट्रॉलीच्या फळीपर्यंत लांबवावी लागते. पत्रा लाकडी फळीवर ठोकून मी ती केली, त्यात शहाणपणाचं काही नाही.

ट्रॉलीवर फक्त एक माणूस, आणि तो मागच्या निम्म्या भागात उभा. पुढे गाठ घ्यायला वाकला आणि ट्रॅक्टरने झटका दिला तर तो थेट दोन यंत्रांच्या मध्ये पडतो. त्याने हात वर केला की ट्रॅक्टर थांबलाच पाहिजे, हे आधी ठरवून घ्या. दोरी तुटली, गाठ अडकली, काहीही झालं तरी बेलरला हात लावण्याआधी पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात. आणि तरीही थांबा. बेलरचं जड चाक पीटीओ बंद झाल्यावरही बराच वेळ फिरत राहतं, आणि ते फिरतंय तोवर सुया आणि दोरीला गाठ मारणारी यंत्रणा चालू शकते. चाक पूर्ण थांबलेलं डोळ्यांनी बघा.

ही तिघांची आगगाडी रस्त्यावर न्यायची नाही. एका शेतातून दुसऱ्यात जाताना डांबरी लागली की मी ट्रॉली सोडतो आणि दोन फेऱ्या मारतो. कंटाळा येतो, पण अलिबागच्या रस्त्यावर शनिवारी संध्याकाळी मुंबईच्या गाड्या कशा येतात ते आम्हाला माहीत आहे.

पावसाळ्याआधी

खारी हवा आणि खारा चिखल लोखंड खातात, आणि चॅनेलच्या आतल्या बाजूला तर दिसूही देत नाहीत. हंगाम संपला की मी चौकट गोड्या पाण्याने धुतो, उन्हात दोन दिवस वाळवतो, तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साईडचे दोन हात आणि वर रंग. आतल्या कोपऱ्यांत जुनं इंजिन ऑइल. वेल्डची प्रत्येक शिवण बोटाने चाचपतो, केसासारखी रेघ दिसली तर तिथे ग्राइंडर लावून पुन्हा वेल्ड. पिनेचा मधला भाग व्हर्नियरने मोजतो. २३ च्या खाली गेला की नवी पिन. गेल्या मे महिन्यात २४ भरली, म्हणून ग्रीस लावून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पडवीच्या वाशाला आबांच्या जुन्या जोखडाशेजारी टांगून ठेवलीय.